एकाच नंबराची दोन कार्डं

१

आमच्या कोल्हापुरात प्रोग्रॅम विकत घेणं हे खुळ्याचं काम समजलं जायचं. एकानं घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्याकडून सीडीवर भरून न्यायचा आणि वर चहाही त्याच्याकडंच प्यायचा, अशी रीत. त्यामुळे २००३ साली मी फोटो स्टुडिओवाल्यांसाठी पासपोर्ट फोटोंचा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा प्रोग्रॅमपेक्षा त्याच्या कुलपावर जास्त डोकं खपवलं. प्रोग्रॅम साधाच होता. कॅमेऱ्यातला फोटो उचलायचा, चेहरा मधोमध आणायचा, कडा कापायच्या आणि एका कागदावर आठ फोटो मांडून छापायला पाठवायचे. कुलूप मात्र माझ्या मते झकास होतं.

कंप्युटर एकमेकांना वायरनं जोडायचे तर आत नेटवर्क कार्ड बसवावं लागतं. अशा प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक नंबर मिळतो. तोच त्याचा पत्ता. जगातल्या कुठल्याही दोन कार्डांचा पत्ता एक नसतो, असं पुस्तकात लिहिलेलं होतं आणि मी पुस्तकावर विश्वास ठेवणारा माणूस. माझा प्रोग्रॅम सुरू झाला की आधी हा पत्ता वाचायचा, आणि तो ओळखीचा नसला की गुपचूप बंद व्हायचा. सीडी कितीही जणांनी भरून नेली, तरी पत्ता कुठून आणणार?

पत्ता वाचायची युक्ती मला फार आवडायची. विंडोजला म्हणायचं, जगात दुसरा नसेल असा एक लांबलचक नंबर बनवून दे. तो बनवताना ती घड्याळातली वेळ घ्यायची आणि शेवटी कार्डाचा पत्ता चिकटवून द्यायची. मी तेवढी शेपटी कापून घ्यायचो. आत कार्डच नसलं तर विंडोज मनानंच काहीतरी रचून द्यायची, दर वेळी निराळं. शेपटी बदलत राहिली की समजायचं, कार्ड नाही.

आता स्टुडिओवाल्याकडे कंप्युटर एकच. तो कशाला जोडायचा नसे, म्हणून कार्डही नसे. मग ते मीच बसवून द्यायचो. वायर नाही, काही नाही, नुसता पत्ता असावा म्हणून. कार्डं मुजम्मिल द्यायचा. तो माझा शाळेपासूनचा दोस्त, शाहूपुरीत त्याचं सुट्या भागांचं दुकान होतं. त्याला या प्रकाराचं फार हसू यायचं. घर नाही, दार नाही आणि नुसती नंबरची पाटी लावत फिरतोय, म्हणायचा.

२

घरी आम्ही दोघंच, आबा आणि मी. आई जाऊन काही वर्षं झाली होती. आबा, म्हणजे जयसिंगराव, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. जन्मभर इंजिनाच्या वरताण बोलल्यामुळे निवृत्त झाल्यावरही त्यांचा आवाज खाली आला नाही. सकाळी ते अंघोळीचं पाणी मागायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाला असलेला पानवालाही ऐकायचा. भाकरी ते करायचे, कालवण मी, आणि दोघंही एकमेकांच्या हाताला नावं ठेवत पोटभर जेवायचो.

सगळं जग आबांना पावणं होतं. भाजीवाला पावणं, पोस्टमन पावणं, बँकेचा मॅनेजरसुद्धा पावणं. माझं नाव प्रसेनजीत त्यांनीच हौसेनं ठेवलं, पण तोंडात कायम जित्या. रस्त्याच्या पलीकडून जित्या अशी हाक आली की माझे कंप्युटरवाले मित्र खाली बघून हसायचे आणि मला लाज वाटायची. आता कुणी तशी हाक मारली की मी थांबून वळून बघतो.

त्यांच्या चपलांनाही मी हसायचो. अस्सल कोल्हापुरी कापशी चपला, पण तळ झिजल्यावर त्यांनी स्वतःच टायरच्या ट्यूबची पट्टी कापून ठोकलेली. ट्यूब कुठून मिळाली कोण जाणे, निळी होती. चालताना निळी कड दिसायची. नवीन घेऊन देतो म्हटलं की म्हणायचे, गाडी चालू आहे तोवर सोडायची नसते.

३

मलकापूरच्या इलाहीचाचांनी प्रोग्रॅम घेतला तेव्हा मी कार्ड घेऊन गेलो. त्यांचा स्टुडिओ स्टँडजवळ, एका कापडदुकानाच्या माडीवर. लाकडी जिना इतका उभा की दोरी धरून चढावं लागायचं. चाचा पूर्वी काळ्यापांढऱ्या फोटोंना हातानं रंग भरायचे. त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला होता, पण तो हातात घेतला की अजून वासराला धरल्यासारखे जपून धरायचे.

मी कार्ड बसवलं, पत्ता वाचला आणि चक्रावलो. हा पत्ता मला पाठ होता. कोल्हापुरात, गंगावेशीतल्या बाळासोंच्या स्टुडिओत मी थोड्याच दिवसांपूर्वी कार्ड बसवलं होतं, त्याचाच. पहिला संशय माझ्याच प्रोग्रॅमवर घेतला. पुन्हा वाचला, कंप्युटर बंद करून चालू केला, शेवटी कार्ड बाहेर काढून त्यावरचं लेबल बघितलं. तिथंही तोच नंबर छापलेला होता.

मुजम्मिलला सांगितलं तर तो म्हणाला, चायना माल आहे, खोकंच्या खोकं एका नंबरचं मारून देतात. त्या खोक्यातली ही दोनच कार्डं मी उचलली होती, बाकीची त्यानं परत पाठवली. एका वायरीवर अशी दोन कार्डं आली की भांडतात, एकाला पाठवलेलं दुसऱ्याला जातं, एवढं मला माहीत होतं. पण इथं वायरच नव्हती. मध्ये अख्खा पन्हाळा आडवा. मी दोन्ही कार्डं होती तिथं राहू दिली.

४

काही दिवसांनी बाळासोंचा फोन आला. बाळासो म्हणजे नुसता दणका.

"तुझा प्रोग्रॅम माझा पडदा खातोय," म्हणाले. "येऊन बघ."

त्यांचा स्टुडिओ रस्त्यालगतच, पायरीसुद्धा नाही. मागं आकाशी पडदा, समोर स्टूल, बाजूला आरसा, कंगवा, पावडरचा डबा आणि खुंटीवर काळा कोट. गिऱ्हाईक कोण का असेना, कोटाशिवाय फोटो काढायचा नाही असं बाळासोंचं मत होतं. चपराशी असो की चेअरमन, सगळे त्या एका कोटात.

त्यांनी मला कंप्युटरवर फोटो दाखवला. गणपतराव होते, त्याच गल्लीत पिठाची गिरणी असलेले. काळा कोट, तोंडावर परवान्याच्या फोटोला लागतो तसला गंभीरपणा, कानाच्या पाळीवर पिठाचा पांढरा कण. मागं मात्र आकाशी पडदा नव्हता. पिस्ता रंगाची भिंत होती. भिंतीत एक खिळा, आणि खिळ्याखाली गंजाचा लांब ओघळ.

बाळासो शपथेवर सांगत होते की गणपतराव ह्याच स्टुलावर बसले होते आणि फोटो त्यांनी स्वतः काढला. मी म्हटलं, फायली मिसळल्या असतील. दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्यातलं काही आलं असेल. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझंच बोलणं पोरकट वाटलं. प्रोग्रॅम कडा कापू शकत होता. भिंत रंगवणं आणि त्यात खिळा ठोकणं काही मी त्याला शिकवलं नव्हतं.

मला भीती वगैरे वाटली नाही. उलट मजा वाटली. असा बिघाड आयुष्यात एकदाच भेटतो. रात्री जेवताना आबांना सगळं रंगवून सांगितलं. ते म्हणाले, बिघाड कधी मशीनमध्ये नसतो, बसवणाऱ्यात असतो, आणि मोठ्यानं हसले.

५

त्याच आठवड्यात इलाहीचाचांचा प्रिंटर अडला म्हणून मलकापूरला गेलो. दोरी धरून वर चढलो, प्रिंटर सरळ करून दिला. फोटो काढायची जागा कंप्युटरच्या टेबलामागं होती, मध्ये एक कापडी पडदा, पडद्याच्या दांडीला गिऱ्हाइकांसाठी चौकड्यांचा तपकिरी कोट. चाचा चहा सांगायला खाली गेले म्हणून सहज पडदा सरकवून आत डोकावलो.

पिस्ता रंगाची भिंत. खिळा. गंजाचा ओघळ.

मागच्या खेपेला त्या खिळ्याला मोठं कॅलेंडर होतं, त्यामागं खिळा आणि ओघळ झाकलेले, म्हणून भिंतीकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. चाचांना विचारलं तर म्हणाले, कॅलेंडर चकाकायचं, म्हणून काढलं. मी गणपतरावांचं वर्णन करून विचारलं, असा कुणी माणूस इथं फोटोला आला होता का? नाही म्हणाले. गिऱ्हाईक आलं की जिना वाजतो, कळल्याशिवाय राहत नाही.

मग चहा बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "पण स्टूल करकरतंय बघ मधनंमधनं. कोण बसल्यागत. लाकूड वाळतंय म्हणायचं, आणि काय."

मी हो म्हणालो. लाकूड वाळतंच. पण उन्हाळा केव्हाच सरला होता आणि खिडकीबाहेर मलकापूरचा पाऊस चालू होता. परतताना एसटीत बसून मी एकच गोष्ट घोकत होतो: वायर नाही. दोन्ही कार्डांना वायर नाही.

६

दुसऱ्या दिवशी ज्वारीची पिशवी घेऊन गणपतरावांच्या गिरणीवर गेलो. दळण हे निमित्त. गिरणीवर त्यांची बायको, आक्का, एकट्याच होत्या. गणपतराव कुठं म्हणून विचारलं तर त्यांनी पट्टा थांबवला. फोटो काढून आल्यापासून माणूस गप्प गप्प झालाय, म्हणाल्या. गिरणीत लक्ष नाही. सकाळ झाली की उठून स्टँडवर जातात, रत्नागिरीकडच्या गाड्या लागतात तिथं उभे राहतात आणि दुपारी परत येतात.

"कुठं जायचंय म्हणून इचारलं," आक्का म्हणाल्या, "तर म्हणत्यात, जायाचं न्हाय, यायचंय."

पीठ गरम होतं. पिशवी छातीशी धरून मी घरी आलो. रत्नागिरीची गाडी मलकापूरवरून जाते, हे मला कुणी सांगायला नको होतं.

घरात आबा भाकऱ्या करत होते. मी आत आल्याचं त्यांना कळलं असावं, पण हाक आली नाही. भाकरी थापायचा आवाज तेवढा येत होता. मी पिठाचा डबा भरला, हातपाय धुतले, त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आज न बोलताच कसे काय कामाला लागलात, असं विचारल्यावर ते हळूच म्हणाले, एसटीच्या पासाला फोटो पाहिजे होता, काल काढून आलो.

"कुठं?"

"बाळासोकडं. तुझाच प्रोग्रॅम हाय न्हवं तिथं." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "जिना लई उभा हाय रं त्याचा. गुडघं धरलं."

७

बाळासोंच्या दुकानात मी पळतच गेलो. त्यांनी आबांचा फोटो काढून ठेवलाच होता, पण छापून दिला नव्हता, कारण तो कसा द्यायचा हे त्यांना कळत नव्हतं. पिस्ता भिंत. आबांच्या उजव्या खांद्यावर खिळा. आणि अंगात मोठ्या चौकड्यांचा तपकिरी कोट, वरचं बटण तुटलेला.

बाळासोंनी खुंटीकडे बोट दाखवलं. तिथं त्यांचा काळा कोट होता. आबांना तोच घातला होता, गळ्याचं बटण आपण स्वतः लावलं, म्हणाले. त्यांचा आवाजही त्या दिवशी खाली आला होता.

मी कंप्युटर उघडला आणि कार्ड उपसलं. कुलूप माझंच, त्यामुळे मला आत जायची वाट होती. बाळासोंना रिकाम्या स्टुलाचा फोटो काढायला सांगितला. मागं आकाशी पडदा आला. कार्ड परत बसवलं, फोटो काढला. पिस्ता भिंत. पुन्हा काढलं, पुन्हा आकाशी. तरीही मन म्हणत होतं, आणखी एकदा करून बघ. बाळासोंनीच माझा हात धरला आणि पुरे म्हणाले.

कार्ड बाहेर ठेवूनच मी घरी आलो. वाटलं, तार तुटली, आता आबा मोकळे झाले. सकाळी उठलो तर ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, हनुवटी जराशी वर, नजर समोर. हलू नका असं कुणीतरी सांगितल्यासारखे. चहा निवून गेला होता.

"आबा, काय करताय?"

"झालं का?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मला वाकून ऐकावं लागलं. बघत ते माझ्याकडं नव्हते.

गंगावेशीतलं कार्ड मी काढलं म्हणजे तो पत्ता आता एकाच ठिकाणी उरला होता, मलकापुरात. जे तिकडं गेलं होतं त्याची परत यायची वाट मीच बंद केली होती. निदान मला तसं वाटलं. वाटलं हाच शब्द बरोबर आहे, कारण ह्यातलं काहीच मला पटत नव्हतं. म्हातारपणात माणसं गप्प होतात, गुडघे धरतात, जिना नसला तरी आठवतो. डॉक्टरकडं न्यायला हवं, हे मला कळत होतं. पण तपकिरी कोट कुठल्याच डॉक्टरला समजावून सांगता आला नसता.

मी बाळासोंकडे जाऊन कार्ड परत बसवलं आणि सांगितलं, आज कुणालाही स्टुलावर बसवू नका. मग मुजम्मिलकडून नवं कार्ड घेतलं. त्याला मी भिंतीचं आणि कोटाचं सांगितलं नाही, फक्त दोन्हीकडं एकच नंबर नको म्हणालो. त्यानं दुकानदारासारखा विचार करून लगेच निकाल दिला: गंगावेशीतलं आधीचं, ते राहू दे, मलकापूरचं काढ. माझाही हिशेब तोच होता. पत्ता इथं राहील, तर माणूसही इथंच येईल.

घरी एकदा डोकावून मलकापूरला निघताना मी आबांच्या चपला ओलांडून बाहेर पडलो. निळ्या पट्टीच्या त्या चपला दारातच होत्या, हे मला पक्कं आठवतं. आबा खुर्चीच्या कडेवर तसेच बसलेले होते. येतो म्हणालो.

८

एसटी पन्हाळ्याचा फाटा सोडून बांबवड्याकडं लागली तेव्हा ऊन पडलं होतं. शेतात माणसं होती, रस्त्यावर शाळेची पोरं होती. इतक्या उजेडात मला स्वतःचीच शरम वाटायला लागली. कार्ड बदलायचं, चहा प्यायचा आणि आबांना संध्याकाळी दवाखान्यात न्यायचं, असं मी ठरवून टाकलं.

चाचा नमाजाला निघाले होते. वर कुणी नाही, तू तुझं काम कर म्हणाले. त्यांच्या पायांनी जिना वरपासून खालपर्यंत वाजला आणि मग शांत झाला. खालून स्टँडवरची गडबड ऐकू येत होती, कंडक्टर कोकरूड, कोकरूड म्हणून ओरडत होता.

मी प्रोग्रॅम चालवला. शेपटी कापली. तोच पत्ता. कंप्युटर बंद केला, प्लग काढला, डबा उघडून स्क्रू फिरवायला लागलो. पंखा थांबल्यामुळे खोलीत बारीक आवाजही येत होते. पडद्यामागं स्टूल करकरलं.

लाकूड, मी मनात म्हटलं.

कुणीतरी घसा खाकरला. कोट अंगावर नीट बसवताना येते तशी अस्तराची सळसळ झाली. जिना वाजला नव्हता, हे मला माहीत होतं. पण मी आलो त्याच्या आधीपासून एखादं गिऱ्हाईक बसलेलं असेल आणि चाचा विसरले असतील, असंही होऊ शकतं. स्क्रू निघाला. कार्डाला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं आणि तेव्हा माझी नजर खाली गेली.

पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. वीतभर फट होती. फटीत स्टुलाचे पाय दिसत होते, आणि त्यांच्यामध्ये दोन पावलं, शेजारी शेजारी नीट ठेवलेली. पायांत कापशी चपला होत्या. चपलांच्या तळाला निळी कड होती.

माणसानं अशा वेळी हात थांबवायला पाहिजे. माझा थांबला नाही. मी जोर लावला होता तो लावलेलाच होता, आणि कार्ड खट्कन सुटून हातात आलं. त्याच वेळी पडद्यामागून आवाज आला. मोठा, खणखणीत, इंजिनाच्या वरताण. घरात दोन दिवस ऐकला नव्हता असा.

"जित्या, झालं का रं? घरला जाऊया की."

मी पडदा ओढला. स्टूल रिकामं होतं. त्यावर चौकड्यांचा तपकिरी कोट पडलेला होता, वरचं बटण तुटलेला. मी हात लावला. खांद्यांपाशी तो अजून गरम होता.

कार्ड परत बसवायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. बसवलं, दाबलं, कंप्युटर चालू केला, प्रोग्रॅम चालवला. शेपटी आली, पण तो पत्ता नव्हता. पुन्हा चालवला, निराळीच शेपटी आली. पुन्हा निराळी. कार्ड माझ्या डोळ्यांसमोर आत बसलेलं होतं आणि विंडोज सांगत होती, आत काही नाही. मी आबा म्हणून हाक मारली. एकदा नाही, पुष्कळदा मारली. शेवटी खालचा कापडवाला जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारायला लागला, काय झालं म्हणून.

९

परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावत होतो. आपण काढायचं तेच काढलं. आवाज आला तो निघतानाचा असेल. आता ते घरीच असणार, आणि मी पोचलो की मलकापुरात जाऊन काय दिवे लावले म्हणून विचारणार. शाहूपुरीत उतरलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गणपतरावांच्या गल्लीतून जवळचा रस्ता होता, पण तिकडून जायचं धाडस झालं नाही.

आमचं दार उघडं होतं. दारात चपला नव्हत्या. चपला घालून कुठं बाहेर गेले असतील म्हणून मला एकदम हायसं वाटलं, आणि आत पाऊल टाकलं तर आबा समोरच होते. अनवाणी. आता ते कडेवर बसले नव्हते. खुर्चीत नीट टेकून बसले होते, केस विंचरलेले, चेहरा शांत. मला बघून ते लगेच उठले आणि हसले. अगदी मोकळं, चांगलं हसले. बँकेच्या मॅनेजरकडं बघून हसायचे तसं.

"या पावणं," ते म्हणाले. "कुणाकडं आलाय?"

मी उंबऱ्यातच थांबलो. ते वाट बघत होते, डोळ्यांत नुसती आपुलकी होती आणि ओळख म्हणून काहीच नव्हती. का कोण जाणे, मला वाटलं, खरं उत्तर दिलं तर ह्या माणसाला फार अवघडल्यासारखं होईल.

"जयसिंगरावांकडं," मी म्हणालो.

ते आत गेले, आल्यागेल्याला देतो त्या तांब्यातून पाणी घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं. मग माझ्यासाठी खुर्ची पुढं ओढली.

"ते मलकापूरला गेल्यात," म्हणाले. "पोरगं न्यायला गेलंय त्यास्नी. येतील की एवढ्यात. बसा."